चार माणसांपुरता गाळा

धंदा कसा वाढवला असं मला कुणी विचारलं, की मी एका म्हाताऱ्याला शिव्या घालून सुरुवात करते. हल्ली विचारणारे वाढले आहेत. बँकेतले साहेब विचारतात, बचत गटाच्या बाया विचारतात, मेळाव्यात माईक हातात देऊन ‘ताई, दोन शब्द’ म्हणतात. मी सांगते: घरच्या ओट्यावर एका कढईत केळीचे चिप्स तळून सुरुवात केली, मग एका म्हाताऱ्याच्या गाळ्यात गेले, आणि त्या म्हाताऱ्यानं नवरात्र आठ दिवसांवर आलेलं असताना मला रस्त्यावर काढलं. इथे लोक हळहळतात. मग मी म्हणते, पण बघा, आज माझ्याकडे चाळीस माणसं आहेत. टाळ्या पडतात.

यात खोटं काही नाही. पण मी ही गोष्ट इतकी वर्षं अर्धीच सांगत आले.

म्हाताऱ्याला सगळे बापू म्हणायचे. बुऱ्हाणपुरात परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटाच्या बाहेर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं आवार होतं, ते त्यांनी गिरणीतून निवृत्त झाल्यावर घेतलं. आवारात पत्र्याचे पाच गाळे, मध्ये एक कडुनिंब, कोपऱ्यात बोअर आणि बोअरशेजारी बापूंची एक खोली. अंगात गिरणीतला खाकी शर्ट, खिशात पेन्सिलींचे चार तुकडे. त्या पेन्सिलींनी त्यांना काही लिहिताना मी कधी पाहिलं नाही. आवार ते स्वतः झाडायचे. दुसऱ्या कुणी झाडू उचलला तर हातातून काढून घ्यायचे. ‘तू तुझं काम कर. कचरा माझा आहे,’ म्हणायचे.

आमची पहिली भेट भाड्यावरून झाली. त्यांनी आकडा सांगितला, मी त्याच्या निम्मा सांगितला.

‘निम्म्यावर का थांबली? अजून खाली जा ना,’ ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करताहेत. माझा राग नाकावरच असतो. मी निम्म्याचाही निम्मा सांगितला आणि पिशवी उचलली.

‘आता जमलं. बस,’ बापू म्हणाले. ‘पहिल्या आकड्याला मान हलवणाऱ्याला मी गाळा देत नाही. तो बाहेर बाजारात चार दिवस टिकत नाही.’

मग त्यांनी अट सांगितली. ‘गाळा चार माणसांचा आहे. तुला धरून चार. पाचवं माणूस कामाला लागलं, की गाळा सोडायचा.’

‘पाचवं मावत नाही का?’

‘मावतं की. सात मावतील.’

‘मग?’

‘मग काय? पाचवं लागलं म्हणजे तुझं चाललं. चाललेल्या माणसाला माझ्या गाळ्याचं काय काम? बाहेर दुसरा कुणी उभा आहे ना लाइनीत.’

एवढ्या भाड्यात, नळाला चोवीस तास पाणी आणि सांडपाण्याला पक्की गटार असलेली जागा गावात दुसरी नव्हती. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, पुढचं पुढे बघू.

बापू कुणालाही नावानं हाक मारत नसत. जो जे बनवायचा तेच त्याचं नाव. पहिल्या गाळ्यात अगरबत्ती, दुसऱ्यात झाडू, चौथ्यात गादी, मी तिसऱ्यात, म्हणून मी चिप्स. ‘ए चिप्स, धूर कमी कर, अगरबत्तीचा वास मरून राहिला!’ असं आवारभर ऐकू जायचं. सुरुवातीला मला संताप यायचा. एकदा मी म्हटलं, ‘बापू, मला नाव आहे.’ तर म्हणाले, ‘नाव घरी नवऱ्याला सांग. इथे तू चिप्स. ज्या दिवशी गावातली माणसं तुझं नाव घेऊन चिप्स मागतील, त्या दिवशी मी पण घेईन.’ दारावर पाटीही लावू द्यायचे नाहीत. पाटी लावायची तर स्वतःच्या जागेवर लावा म्हणायचे.

दुपारी चार वाजता चहा. तो बापू स्वतः करायचे आणि स्वतःच वाटायचे. एका हातात पितळी किटली, दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमचं मोठं ताट, ताटात वीस कप. एकाचा कान तुटलेला, एकावर गुलाब, एक कुणाच्या तरी लग्नातला. पाच गाळे, प्रत्येकी चार कप. कपांवरून हजेरी घ्यायची ही त्यांची पद्धत. एकविसावा कप त्यांनी कधी आणला नाही. ज्या गाळ्यातून ‘बापू, एक कप कमी पडतोय’ असं ऐकू येई, त्या गाळ्याचे दिवस भरले असं सगळे समजून जायचे.

चहाबरोबर ते माझ्या परातीतला एक चिप्स उचलायचे. एकच. डोळे मिटून चावायचे आणि निकाल द्यायचे. ‘आज मीठ घाबरलंय.’ किंवा, ‘तेल थकलं, चिप्स. बदल.’ मी वाद घालायची. तेल परवाच बदललंय म्हणायची. ते पुढच्या गाळ्याकडे निघूनही गेलेले असायचे. वाईट याचं वाटायचं, की घरी जाऊन चाखलं तर तेल खरंच थकलेलं निघायचं.

माणसाचे हात बघायची त्यांना खोड होती. गिरणीत बत्तीस खात्यांची माणसं बघितली, म्हणायचे, चेहरा खोटं बोलतो, हात बोलत नाहीत. एक माणूस गाळा मागायला आला, साबण बनवतो म्हणाला. बापूंनी त्याचे पंजे उलटे-सुलटे करून पाहिले. ‘या हातांनी साबण बनवला नाही. या हातांनी पत्ते पिसलेत,’ म्हणाले आणि त्याला चहा पाजून परत पाठवला.

सौद्याला मात्र बापू एकदम कुचकामी. माझा धंदा मुळात केळीच्या भावावर उभा. मोठी केळी ट्रकमध्ये भरून गेली की मागे बारकी, वाकडी फणी उरते, ती मी शेताच्या बांधावर जाऊन घ्यायची. तोंड वाकडं करायचं, ‘हे तर गुरं पण खाणार नाहीत’ म्हणायचं, निघून गेल्यासारखं करायचं, मग परत यायचं. एकदा बापू म्हणाले, मी पण येतो. तापी ओलांडून जैनाबादच्या बाजूला एका शेतात गेलो. मी शेतकऱ्याला चांगला नरम करत आणला होता. इतक्यात बापूंनी एका घडावर हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाले, ‘वा! काय माल पिकवला भाऊ तुम्ही!’ सौदा तिथेच मेला. त्या दिवशी मी मागितल्याच्या दीडपट भावानं केळी घेतली आणि पुलावरून परत येईपर्यंत बापूंशी बोलले नाही.

‘खोटं बोलून स्वस्त घेतलेली केळी तळताना आठवतात का तुला?’ त्यांनी विचारलं.

‘नाही आठवत.’

‘मग ठीक आहे. मला आठवली असती.’ एवढंच म्हणून ते रिक्षातून बाहेर बघत बसले.

मला पुढे फार आठवली ती केळी.

मी गाळ्यात आल्यावर वर्षभरात अगरबत्तीवाल्याला पाचवा माणूस लागला. त्यानं स्वतःच जाऊन सांगितलं, ‘बापू, एक कप कमी पडतोय.’ मला वाटलं आता भांडण होणार. बापू तर घरात लग्न निघाल्यासारखे तयारीला लागले. जायच्या दिवशी आवार दोनदा झाडलं. झेंडूचा हार आणला. सगळ्या गाळ्यांची कामं बंद. गरम जलेबीचा द्रोण प्रत्येकाच्या हातात, आमच्या इकडची ती माव्याची काळसर जलेबी. सामानाची शेवटची पेटी बापूंनी स्वतः टेम्पोत चढवली. मग टेम्पोच्या पुढे चालत, हातानं गर्दी बाजूला करत, रस्त्याच्या तोंडापर्यंत गेले. तिथे पोचल्यावर मात्र वळून बघितलं नाही. तडक परत आले आणि रिकामा गाळा पाण्यानं धुवायला बसले.

‘रडताय काय बापू?’ झाडूवाल्यानं खोचकपणे विचारलं.

‘अगरबत्तीची भुकटी डोळ्यात गेली,’ बापू म्हणाले. ‘तू कधी जातोस ते सांग.’

मी जलेबी खात उभी होते आणि हिशेब करत होते. बाहेर भाडं चौपट. पाचवं माणूस ठेवून जेवढं सुटेल त्याहून जास्त भाड्यात जाणार. माझ्या मते अगरबत्तीवाला वेडा होता. मी त्याच दिवशी ठरवलं, आपण चारवरच राहायचं. आणि राहिलेही. पुढची दोन वर्षं मोठी ऑर्डर आली की नाही म्हणायची. जळगावच्या दुकानदाराला नाही म्हटलं, खंडव्याच्या एकाला नाही म्हटलं. बापू दर सोमवारी विचारायचे, ‘चिप्स, पाचवा कधी?’ मी म्हणायची, ‘कुठे बापू, धंदा मंदा आहे.’ ते माझ्याकडे जरा वेळ बघायचे. मग म्हणायचे, ‘होईल, होईल.’ मला वाटायचं, म्हाताऱ्याला काही कळत नाही.

तिसऱ्या वर्षी इंदूरचा एक ठोक व्यापारी आला. नवरात्रात उपवासाला सैंधव मिठाचे चिप्स हवे होते, नेहमीच्या दुप्पट माल, आणि तो पसंत पडला तर पुढे दर महिन्याला. पावसाळ्यापासूनच थोडा थोडा माल दाखवायचा होता. याला नाही म्हटलं असतं तर मी जन्मभर एका कढईची बाई राहिले असते, एवढं मला कळत होतं. हो म्हटलं तर गाळा जाणार होता. मला दोन्ही हवं होतं.

मी सुमनबाईंना कामावर ठेवलं.

सुमनबाई जैनाबादहून पूल ओलांडून यायच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, नवऱ्याचे माग बंद पडलेले, बोलणं कमी. किसणी थेट उकळत्या कढईवर धरून कच्चं केळं असं फिरवायच्या, की काप एकावर एक न पडता तेलात पसरायचे. असा हात मी पुन्हा बघितला नाही. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘पावणेचारला सालांची टोपली घ्यायची आणि मागच्या भिंतीपलीकडे जायचं. गवळ्याच्या म्हशींना सालं घालायची. सव्वाचारला परत यायचं. कुणी विचारलं तर तुम्ही माझ्याकडे नाही, सालं न्यायला येता.’

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. ‘बरं ताई,’ म्हणाल्या.

चार महिने हे चाललं. रोज बापू किटली घेऊन निघायच्या आत सुमनबाई टोपली घेऊन भिंतीपलीकडे. म्हशी पाच मिनिटांत सालं संपवायच्या. उरलेला वेळ सुमनबाई तिथेच उभ्या राहायच्या, बसायला जागा नव्हती. पावसात डोक्यावर टोपली पालथी घालायच्या. इकडे आम्ही चौघी चहा प्यायचो. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायचं. घरी नवऱ्याला सांगून हसलेसुद्धा. भाडं चौथाई आणि माणसं पाच, असा सौदा गावात कुणाला जमला होता?

नवरात्राला आठ दिवस होते. गुरुवार होता. बापू त्या दिवशी गवळ्याकडे दुधाचं काही बोलायला मागच्या बाजूनं गेले. तिथे त्यांना सुमनबाई भेटल्या. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. एवढंच दिसलं, की चार वाजता बापू ताट-किटली घेऊन आले आणि त्यांच्या मागे सुमनबाई, हातात रिकामी टोपली.

‘चिप्स, तुझ्याकडे किती माणसं?’

‘चार,’ मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

‘ही बाई?’

‘सालं न्यायला येते.’

बापूंनी सुमनबाईंचा हात नुसता दाखवला, धरला नाही. मनगटापासून कोपरापर्यंत तेलाच्या थेंबांचे बारीक बारीक डाग. तसेच डाग माझ्याही हातावर होते.

‘सालं नेणाऱ्या बाईच्या हातावर तेल कुठून उडालं?’

सुमनबाईच बोलल्या. ‘बापू, ताईंची काही चूक नाही. मलाच चहा आवडत नाही.’

‘चहा न आवडणारी बाई मी या गावात अजून पाहिली नाही,’ बापू म्हणाले. त्यांनी ताटातला माझा कप उचलला, भरला आणि सुमनबाईंच्या हातात दिला. ‘प्या. बसून प्या.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘सोमवारी गाळा रिकामा कर.’

‘बापू, नवरात्र तोंडावर आहे. ऑर्डर आहे माझी.’

‘सोमवारी.’

‘पंधरा दिवस द्या. एवढा सण जाऊ द्या.’

‘सोमवारी.’

मग माझं डोकं फिरलं. आवारातली सगळी माणसं दारात येऊन उभी होती, त्यांच्यासमोर मी नाही नाही ते बोलले. शेवटी मी म्हणाले, ‘दुसऱ्याच्या वाढीवर पहारा करता तुम्ही! तुमचं स्वतःचं काय वाढलं हो आयुष्यात? पाच गाळे आणि एक किटली. एवढंच जमलं ना?’

बापूंच्या ताटातले कप एकमेकांवर वाजले. मग ते चौथ्या गाळ्याकडे गेले आणि ‘ए गादी, चहा’ म्हणाले, रोजच्याच आवाजात.

सोमवारी मी टेम्पो आणला. हार नव्हता, जलेबी नव्हती. बापूंची खोली आतून बंद. मी मुद्दाम दारासमोर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, ‘का बापू, आज जलेबीवाल्याकडे सुट्टी आहे का?’ आतून काही आवाज आला नाही. सुमनबाईंनी कोपऱ्यातला झाडू घेऊन गाळा झाडला आणि येऊन टेम्पोत मागे कढईशेजारी बसल्या. मी त्यांना ‘तुम्ही कुठे?’ असं विचारलंही नाही. येणार हे गृहीतच धरलं.

इच्छापूरच्या रस्त्यावर एक शेड मिळाली, भाडं चौपटीहून जास्त. दोन दिवस वीज नव्हती, पाणी टँकरनं. इंदूरच्या ऑर्डरीतला निम्माच माल वेळेवर गेला, बाकीचा त्या व्यापाऱ्यानं भाव पाडून घेतला. त्या नवरात्रात मी नऊ दिवस उपाशी राहिले ते देवीसाठी कमी आणि रागानं जास्त. पण एकदा एवढं भाडं डोक्यावर बसल्यावर चार माणसांत भागणारच नव्हतं. सहा केली, मग नऊ. दुसरी कढई, तिसरी. पाकिटं भरायचं मशीन. चार वर्षांनी ती शेड सोडून त्याच रस्त्यावर स्वतःची जागा घेतली, दारावर माझ्या नावाची पाटी लावली. प्रत्येक पायरीवर मी मनात म्हणायचे, बघा बापू. उद्घाटनाला सगळं गाव बोलावलं, अगरबत्तीवाल्याला, झाडूवाल्याला, गादीवाल्याला. बापूंना नाही.

बापूंनी काढलं नसतं तर मी आजही त्या गाळ्यात चारच कप मोजत बसले असते, हे मला कळत नव्हतं असं नाही. ते कळत होतं म्हणून तर राग जास्त होता. त्यांचं म्हणणं बरोबर असेल, पण आठ दिवस राहिलेले असताना? सणाच्या तोंडावर? पोटावर पाय देऊन? मला त्यांच्याकडून काही नको होतं. त्यांनी एकदा माझ्यासमोर येऊन ‘चुकलो’ म्हणावं, एवढंच हवं होतं. अकरा वर्षं मी त्या एका शब्दाची वाट बघितली. मेळाव्यात त्यांची गोष्ट सांगायची तीसुद्धा त्यासाठीच. गाव लहान आहे, कुणीतरी जाऊन त्यांच्या कानावर घालेल, आणि ते येतील.

गेल्या नवरात्रात ते आले.

इच्छापूरच्या इच्छादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रस्त्यावर रीघ लागलेली. मी ऑफिसात एका केळीच्या दलालाबरोबर बसले होते. फोन वाजला. गेटवरचा चौकीदार म्हणाला, ‘मॅडम, एक बुजुर्ग आये हैं. बोल रहे हैं, चिप्स से मिलना है.’

अकरा वर्षांनी मला कुणीतरी त्या नावानं हाक मारली. मी म्हटलं, ‘बिठाओ उनको.’

आणि दलालाशी बोलत राहिले. सौदा खरं म्हणजे दहा मिनिटांत संपला असता, भाव ठरलाच होता. मी तो उकरून काढला. वजनातली तूट काढली, मागच्या महिन्यातली डागाळलेली केळी काढली. दलाल बिचारा घामाघूम. दर थोड्या वेळानं मी खिडकीकडे बघायची. खिडकीतून गेट दिसत नाही, तरी बघायची. बसू दे, मी मनात म्हणत होते. मी पण रस्त्यावर बसले होते. पाऊण तास झाल्यावर उठले, पदर सारखा केला आणि गेटवर गेले. खुर्ची रिकामी होती.

‘चले गये,’ चौकीदार म्हणाला. ‘पूछ रहे थे, यहाँ कितने लोग काम करते हैं. मैंने बोला चालीस. बहुत खुश हुए.’

‘और?’

‘और कुछ नहीं. ऑटो पकड़ के मंदिर की तरफ गये.’

मला त्या वेळी वाईट वाटलं नाही. हिशेब फिटला असं वाटलं. दर्शन करून घराकडे परत जाताना थांबतील, तेव्हा भेटू, असंही वाटलं. ते थांबले नाहीत. मीही गेले नाही. परकोटापर्यंत जायला मला गाडीनं अर्धा तास लागला असता. दसरा गेला. दिवाळीच्या मालाची गडबड सुरू झाली.

मग एका सकाळी अगरबत्तीवाल्याचा फोन आला. बापू चार दिवसांपूर्वी गेले. झोपेतच. त्याला स्वतःलाही आदल्या दिवशीच कळलं होतं.

मी फोन ठेवून तळणघरात गेले. तिथे आता सहा कढया आहेत आणि पंधरा बायकांवर सुमनबाई. त्या चष्मा पुसत होत्या. मी म्हटलं, ‘सुमनबाई, बापू गेले.’

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, ‘तरी त्या दिवशी भेट झाली, ते बरं झालं.’

‘कोणत्या दिवशी?’

‘नवरात्रात आले होते ना गेटवर. मी पाणी प्यायला बाहेर आले तर खुर्चीवर बसलेले. मी बसले त्यांच्याजवळ जरा वेळ.’

‘काय म्हणाले?’

‘माफी मागत होते.’ सुमनबाई सहज बोलून गेल्या. ‘म्हणाले, बाई, त्या दिवशी मी रागाच्या भरात सोमवार म्हटलं. तुम्हाला भिंतीमागं उभं केलेलं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. सणाच्या तोंडावर पाच जणींची रोजी जाईल, त्यात तुमचीच पहिली, हे मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सुचलं होतं, पण चिप्सनं जे ऐकवलं ते लागलं होतं, म्हणून दार उघडलं नाही. चूक माझी. चिप्सला पण हेच सांगायला आलोय म्हणाले.’

‘मग तुम्ही मला बोलवायचं नाही का?’ मी जवळजवळ ओरडलेच. ‘इतक्या वर्षांनी माणूस दारात आला, हे सांगायला आलाय म्हणतो, आणि तुम्ही परत तळायला आलात?’

सुमनबाई माझ्या ओरडण्याला घाबरत नाहीत. ‘मी आले होते ताई ऑफिसच्या दारापर्यंत. तुम्ही सौद्यात होता. सौद्यात बसल्यावर कुणी आत यायचं नाही, कुणी हाक मारायची नाही, असं तुम्हीच सांगितलेलं. मी पाच मिनिटं दाराबाहेर उभी राहिले. तुमचा आवाज चढलेला ऐकू येत होता. मग बापूंनाच सांगितलं, ताईंना उशीर आहे. ते म्हणाले, राहू दे, कामात आहे ना, चांगलं आहे.’

दाराबाहेर उभी राहिले, हे त्या नेहमीच्याच सुरात बोलल्या. मला एकदम जाणवलं, की अकरा वर्षांत मी ही गोष्ट शंभरदा सांगितली आणि तिच्यात ही बाई एकदाही आली नाही. म्हशी नाहीत, भिंत नाही, पावसातली टोपली नाही. म्हातारा, नवरात्र आणि मी, एवढेच. जिची माफी आधी मागायला हवी होती, तिची बापूंनी मागितली होती, त्यांचा दोष त्यात सगळ्यांत कमी असूनही. मी त्याच बाईला रोज सकाळी नुसत्या तळणघराच्या किल्ल्या देत होते.

मी म्हटलं, ‘सुमनबाई, तेव्हा गाळ्यात मी तुम्हाला जे...’ आणि पुढे शब्द येईना. मला भाव करता येतो, भांडता येतं, माल नाकारता येतो. हे कधी केलेलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणणार हे त्यांना कळलं असावं. पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी किसणी उचलली, कढईवर हात धरून धग बघितली आणि म्हणाल्या,

‘बाजूला व्हा ताई. तेल तापलंय, अंगावर उडेल.’